झाकण कुठे हरवते?

श्रीखंडाचा डबा रिकामा झाला की आपल्या घरात तो सहसा फेकला जात नाही. धुऊन-पुसून त्यात जिरे, साबुदाणा, नाही तर शिवणकामाची बटणे भरली जातात. डबा वर्षानुवर्षे टिकतो. झाकण मात्र टिकत नाही. आधी त्याची कड चिरते, मग ते सैल बसू लागते आणि एके दिवशी कचऱ्यात जाते. डबा आणि झाकण एकाच दिवशी, एकाच दुकानातून घरात आले होते. मग दोघांचे नशीब वेगळे का?

प्रश्न किरकोळ वाटतो, पण याच प्रश्नाने मोठमोठ्या शहरांना बुचकळ्यात टाकले आहे. अमेरिकेतील अनेक शहरांत घरोघरचे लोक पुनर्वापराच्या वस्तू एका वेगळ्या पेटीत भरून ती पेटी ठरलेल्या दिवशी रस्त्याच्या कडेला ठेवतात. नगरपालिकेची गाडी येते आणि पेटी रिकामी करून घेऊन जाते. पेटीत काय टाकावे आणि काय टाकू नये, याची यादी प्रत्येक गाव आपल्या नागरिकांना देते. या याद्या शेजारी शेजारी ठेवून वाचल्या तर गंमत दिसते. एक गाव सांगते, ‘बाटल्या चालतील, डबे चालतील, सुटी झाकणे नकोत.’ दुसरे गाव सांगते, ‘झाकण डब्यावर घट्ट बसवूनच टाका.’ तिसरे म्हणते, ‘झाकण वेगळे काढा.’

यांतले कोणते गाव चुकले? बहुधा एकही नाही. असे कसे, हे समजण्यासाठी आपल्याला थोडे रसायनशास्त्र, थोडे भौतिकशास्त्र आणि थोडे अंकगणित लागेल. तिन्ही विषय शाळेत शिकवले जातात तेवढेच पुरेत.

डब्याचे कूळ आणि झाकणाचे कूळ

‘प्लॅस्टिक’ हे एका पदार्थाचे नाव नाही. ‘धातू’ म्हटल्यावर जसे लोखंड, तांबे, ॲल्युमिनियम असे निरनिराळे पदार्थ आले, तसेच प्लॅस्टिकचे आहे. डबे-झाकणांच्या दुनियेत मुख्यतः दोन कुळे भेटतात. एक पॉलिएथिलीन आणि दुसरे पॉलिप्रोपिलीन.

एथिलीन वायूच्या रेणूत कार्बनचे दोन अणू असतात, प्रोपिलीनच्या रेणूत तीन. असे हजारो रेणू एकाला एक जोडून लांब साखळी केली की घन पदार्थ मिळतो. या साखळीला बहुवारिक म्हणतात. पॉलिएथिलीनची साखळी साधी असते. पॉलिप्रोपिलीनच्या साखळीत मात्र एकाआड एक कार्बनवर एकेक कार्बनचा छोटा फाटा असतो. हे फाटे एका शिस्तीत बसले तरच पदार्थ कडक आणि उपयोगी होतो. ही शिस्त लावण्याची युक्ती जर्मनीतील कार्ल झीग्लर आणि इटलीतील जूल्यो नाट्टा यांच्या उत्प्रेरकांवरील संशोधनातून मिळाली. नाट्टा यांनी १९५४ साली असे शिस्तबद्ध पॉलिप्रोपिलीन तयार केले. १९६३ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक या दोघांना विभागून मिळाले.

पॉलिएथिलीनमध्येही दोन भावंडे आहेत. एकाच्या साखळीला बऱ्याच फांद्या असतात. काटेरी झुडपांची मोळी जशी घट्ट बांधता येत नाही, तशा या साखळ्या एकमेकींना चिकटून बसत नाहीत. त्यामुळे पदार्थ मऊ आणि हलका होतो. हे कमी घनतेचे पॉलिएथिलीन. भंगाराच्या बाजारात याला ‘एलडी’ म्हणतात. दुसऱ्याच्या साखळ्या सरळ असतात. त्या दाटीने बसतात आणि पदार्थ अधिक कडक होतो. हे जास्त घनतेचे पॉलिएथिलीन, म्हणजे ‘एचडी’. पॉलिप्रोपिलीनला याच बाजारात ‘पीपी’ म्हणतात. आपणही हीच सुटसुटीत नावे वापरू.

आता डब्याकडे पाहा. डब्याने आकार सोडता कामा नये, वर चार डबे रचले तरी दबता कामा नये. म्हणून तो बहुधा पीपीचा करतात. झाकणाचे काम उलटे आहे. ते वाकले पाहिजे, डब्याच्या काठावरून ताणले जाऊन पुन्हा आकसले पाहिजे. यासाठी मऊ एलडी सोयीचे. १९४० च्या दशकात अमेरिकेतील अर्ल टपर याने पॉलिएथिलीनच्या याच लवचिकपणाचा उपयोग करून हवाबंद झाकणाचे डबे बाजारात आणले. आइस्क्रीमच्या झाकणाला तर आणखी एक परीक्षा द्यावी लागते. साधे पीपी शून्य अंश सेल्सिअसच्या आसपास ठिसूळ होऊ लागते, एलडी त्याहून कितीतरी अधिक थंडीतही लवचिक राहते. म्हणून पीपीच्या डब्यावर एलडीचे झाकण अनेकदा आढळते. नेहमीच आढळते असे मात्र नाही. काही डब्यांची झाकणेही पीपीची असतात, आणि खरी पंचाईत येथूनच सुरू होते.

त्रिकोणातला आकडा

डबा उलटा करा. तळाशी एक छोटा त्रिकोण आणि त्यात आकडा दिसेल. ही पद्धत अमेरिकेतील प्लॅस्टिक उद्योगाच्या संघटनेने १९८८ साली सुरू केली. १ म्हणजे पेट, ज्याच्या पाण्याच्या बाटल्या होतात. २ म्हणजे एचडी, ३ म्हणजे पीव्हीसी, ४ म्हणजे एलडी, ५ म्हणजे पीपी, ६ म्हणजे पॉलिस्टायरीन आणि ७ म्हणजे बाकीची सर्व.

या त्रिकोणाने एक मोठा गैरसमज पसरवला. सुरुवातीला तो एकामागे एक धावणाऱ्या बाणांचा बनलेला होता, आणि तसेच बाण पुनर्वापराचे चिन्ह म्हणून लोकांच्या ओळखीचे होते. त्यामुळे ‘त्रिकोण आहे, म्हणजे ही वस्तू पुन्हा वापरात जाणारच’ असे लोक समजू लागले. वास्तविक तो आकडा फक्त पदार्थाचे नाव सांगतो. पुढे काय होणार याचे वचन तो देत नाही. हा घोटाळा टाळण्यासाठी २०१३ साली अमेरिकेतील मानकात बाणांऐवजी साधा भरीव त्रिकोण ठरवण्यात आला. जुने साचे चालू असल्यामुळे बाण अजूनही पुष्कळ डब्यांवर दिसतात.

शिवाय हा आकडा डब्याच्या तळाशी असतो. तो डब्याचा आकडा, झाकणाचा नव्हे. झाकणावर वेगळा आकडा असेल तर शोधावा लागतो, आणि बाटलीच्या टोपणावर तो पुष्कळदा सापडतच नाही.

चाळणीतून पडलेली झाकणे

पेटीतला माल गाडीतून निवडणी केंद्रात जातो. तेथे कागद, काच, डबे, बाटल्या असे सगळे एकत्र येते आणि एका धावत्या पट्ट्यावर पसरते. पुढे फिरत्या चकत्यांच्या चाळण्या लागतात. यंत्राला वस्तूचे नाव कळत नाही. त्याला कळतो तो आकार. चपट्या वस्तू चाळणीवरून तरंगत पुढे सरकतात, कारण त्या कागद असतील असा यंत्राचा हिशेब. फुगीर वस्तू गडगडत दुसऱ्या बाजूला जातात, कारण ते डबे-बाटल्या असणार. आणि पाच-सात सेंटिमीटरपेक्षा लहान वस्तू फटींतून खाली पडतात. तेथे मुख्यतः फुटलेल्या काचा असतात.

या हिशेबात सुटे झाकण कोठे बसते? मोठे असेल तर ते चपटे असल्याने कागदात जाते आणि कागदाचा माल बिघडवते. लहान असेल तर काचेत पडते आणि काचेचा माल बिघडवते. झाकण पुनर्वापराच्या लायकीचे असूनही त्याचा कचरा होतो, कारण ते भलत्या रांगेत जाऊन उभे राहते.

पुढच्या टप्प्यावर प्रकाशाने ओळख पटवणारी यंत्रे असतात. ती वस्तूवर अवरक्त किरण टाकतात आणि परत आलेल्या किरणांवरून प्लॅस्टिकचा प्रकार ठरवतात. पण काळ्या प्लॅस्टिकमध्ये रंगासाठी बहुधा काजळी घातलेली असते. काजळी हे किरण गिळून टाकते, परत काहीच येत नाही, आणि यंत्राच्या दृष्टीने ती वस्तू तेथे नसतेच.

आता पहिल्या दोन गावांचे म्हणणे पटू लागेल. झाकण डब्यावर बसवून टाकले तर ते डब्याबरोबर योग्य रांगेत जाते. सुटे झाकण यंत्राला पेलतच नसेल, तर ते पेटीत टाकू नये हेच बरे. मग तिसरे गाव झाकण वेगळे काढायला का सांगते? त्यासाठी आणखी एक पाऊल पुढे जावे लागेल.

पाण्याची परीक्षा

पाण्याच्या बाटलीचे उदाहरण घेऊ. बाटली पेटची, टोपण एचडी किंवा पीपीचे. दोन्ही एकत्र दळून त्यांचे बारीक तुकडे करतात आणि पाण्याच्या टाकीत सोडतात. पेटची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे १.३८ ग्रॅम आहे, म्हणून ते बुडते. एचडीची सुमारे ०.९५ आणि पीपीची सुमारे ०.९० आहे, म्हणून टोपणाचे तुकडे वर तरंगतात. वरचे वेगळे, खालचे वेगळे. आर्किमिडीजचे तत्त्व येथे निवडणाऱ्या कामगाराचे काम करते. म्हणून बाटलीवर टोपण असले तरी बिघडत नाही.

श्रीखंडाच्या डब्याचे मात्र तसे नाही. डबा पीपीचा, घनता ०.९०. झाकण एलडीचे, घनता ०.९२ च्या आसपास. पाण्याची १.०० आहे. म्हणजे डबाही तरंगतो आणि झाकणही तरंगते! पाण्याची टाकी येथे काहीच मदत करत नाही.

‘मग दोन्ही एकत्र वितळवले तर काय बिघडले?’ असे कोणी विचारील. एलडी सुमारे ११० अंश सेल्सिअसला वितळते, पीपी सुमारे १६५ अंशांना. तापमान वाढवून दोन्ही वितळवता येतात. पण दोघांची घडण इतकी जवळची असूनही ती एकमेकांत मिसळत नाहीत. तेल-पाणी घुसळले की एकाचे थेंब दुसऱ्यात पसरतात, पण दोन्ही एकजीव होत नाहीत. तसेच येथे होते. मिश्रण थंड झाल्यावर दोन पदार्थांच्या सीमा आतल्या आत राहून जातात, आणि त्यापासून केलेली वस्तू ताण पडताच त्या सीमांवर तडकते. खास जोडद्रव्ये घालून हा दोष कमी करता येतो, पण त्याने खर्च वाढतो. म्हणून पीपीच्या मालात थोडेबहुत एलडी खपून जात असले, तरी एलडी वाढत गेले की मालाची प्रत आणि किंमत दोन्ही उतरतात. तिसऱ्या गावाचा माल घेणारा कारखाना शुद्ध पीपी मागत असेल, तर झाकण वेगळे काढा हे त्याचे सांगणे रास्तच आहे.

करून पाहा

यासाठी तीन परीक्षानळ्या किंवा काचेचे छोटे पेले घ्या. पहिल्यात सूर्यफुलाचे किंवा शेंगदाण्याचे तेल, दुसऱ्यात साधे पाणी आणि तिसऱ्यात मिठाचे संपृक्त द्रावण घाला. संपृक्त द्रावण करण्यासाठी पाण्यात मीठ विरघळेनासे होईपर्यंत घालत राहा आणि वरचे स्वच्छ पाणी गाळून घ्या. तेलाची घनता सुमारे ०.९१ ते ०.९२ आणि मिठाच्या द्रावणाची सुमारे १.२ असते.

डबे, झाकणे, टोपणे स्वच्छ धुऊन, पुसून प्रत्येकाचे नखाएवढे तीन तुकडे कापा. प्रत्येक द्रवात कोरडा तुकडा टाका आणि काडीने एकदा बुडवून सोडा. तुकड्याला हवेचे बुडबुडे चिकटले तर निकाल चुकतो, म्हणून पाण्यात व मिठाच्या द्रावणात साबणाच्या पाण्याचा एकेक थेंब घाला. तेल दाट असते, तेथे काही मिनिटे थांबावे लागेल.

तेलातही तरंगला तर तुकडा बहुधा पीपीचा. पाण्यात तरंगला आणि तेलात तळाशी गेला तर एचडीचा. तेलात तो ना धड वर, ना धड खाली असा रेंगाळला, किंवा अगदी सावकाश खाली गेला, तर एलडीचा संशय घ्या आणि तुकडा वाकवून पाहा. एलडी बोटांनी सहज वाकते. पाण्यात बुडून मिठाच्या द्रावणात तरंगला तर पॉलिस्टायरीन, कारण त्याची घनता सुमारे १.०५ आहे. दोन्हींत बुडाला तर पेट किंवा पीव्हीसी. शेवटी तुमचा निष्कर्ष वस्तूवरच्या आकड्याशी ताडून पाहा.

काही ठिकाणी फसगत होईल. थर्मोकोल हे पॉलिस्टायरीनच आहे, पण त्यात हवा भरलेली असल्यामुळे ते सगळीकडे तरंगते. पीपीत खनिजाची पूड मिसळलेली असेल तर ते पाण्यातही बुडू शकते. फसगत का झाली हे शोधणे हाही प्रयोगाचाच भाग आहे. प्रयोगाचे तेल पुन्हा खाण्यासाठी वापरू नका. आणि ओळख पटवण्यासाठी प्लॅस्टिक जाळून पाहू नका. पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइड हा घातक वायू बाहेर पडतो.

पेटीबाहेरचा रस्ता

रस्त्याकडेच्या पेटीने नाकारलेल्या झाकणांसाठी काहींनी वेगळे मार्ग काढले. अमेरिकेतील अवेडा या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीने २००८ साली शाळा आणि दुकानांमार्फत कडक टोपणे गोळा करून त्यांपासून आपल्या बाटल्यांची नवी टोपणे करण्याचा उपक्रम सुरू केला. त्यांची अट लक्षात ठेवण्यासारखी आहे. हातांनी वाकवता येईल असे, म्हणजे दह्याच्या किंवा लोण्याच्या डब्यावरचे लवचिक झाकण चालणार नाही. त्यांना हवे होते फक्त कडक पीपी. यंत्र नाही, द्रव नाही. मुलांच्या हातांनीच निवड होत होती.

२००९ साली प्रिझर्व्ह या कंपनीने ‘होल फूड्स’ या दुकानांमध्ये ५ क्रमांकाच्या प्लॅस्टिकसाठी पेट्या ठेवल्या. लोक धुतलेले डबे आणून टाकत, आणि त्यांतून दात घासण्याच्या ब्रशांच्या मुठी व घरगुती वस्तू तयार होत. दुकानांतील ही योजना २०२० साली बंद झाली. ग्राहकाने वस्तू स्वतः नेऊन देण्याच्या योजना अशाच असतात. त्या चालवणारा आहे तोवर चालतात.

फ्रान्समध्ये २००१ साली ‘बुशाँ दामूर’ ही संस्था स्थापन झाली. स्वयंसेवक टोपणे गोळा करतात, ती पुनर्वापर करणाऱ्या कारखान्याला विकली जातात, आणि त्या पैशांतून अपंगांसाठी चाकाच्या खुर्च्यांसारखी साधने घेतली जातात. एक टोपण सुमारे दोन ग्रॅमचे धरले तर एक किलोला पाचशे टोपणे लागतात. एकट्या टोपणाला काही किंमत नाही. एकाच जातीची लाखो टोपणे एका ठिकाणी आली की ती कारखान्याचा कच्चा माल होतात.

युरोपीय संघाने तर मुळावरच बोट ठेवले. २०१९ च्या निर्देशानुसार ३ जुलै २०२४ पासून तीन लिटरपर्यंतच्या, एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या पेयबाटल्यांची टोपणे बाटलीला जोडलेलीच असली पाहिजेत. समुद्रकिनाऱ्यांवर सापडणाऱ्या कचऱ्यात सुटी टोपणे फार असतात, हे त्यामागचे कारण. जे सुटतच नाही ते हरवणार कसे?

आपल्या दारात

आपल्याकडे निवडणीचे बरेचसे काम चकत्यांची चाळणी नव्हे, तर माणसाचे हात करतात. कचरावेचक आणि भंगारवाले प्लॅस्टिक वाकवून, तोडून, आपटून त्याचा आवाज ऐकून आणि पाण्यात टाकून ओळखतात. आपण वर केलेला प्रयोग हा त्यांच्या रोजच्या कामाचाच शाळकरी अवतार आहे. धारावीसारख्या ठिकाणी असे निवडलेले प्लॅस्टिक दळून, धुऊन, वाळवून त्याचा दाणा करण्याचा धंदा अनेक दशके चालत आला आहे. पुण्यात १९९३ साली ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली, आणि तिच्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली. २००८ साली तिने पुणे महानगरपालिकेशी करार केला, आणि वर्षानुवर्षे उकिरड्यावर वेचणाऱ्या स्त्रिया घराच्या दारातून कचरा घेऊ लागल्या.

हाताच्या निवडणीला झाकण चपटे आहे की फुगीर, याची अडचण नाही. अडचण दुसरीच आहे. श्रीखंड माखलेले झाकण उरलेल्या भातात कालवून दिले, तर ते ओळखण्याआधी कोणाला तरी त्या घाणीत हात घालावा लागतो. ते धुऊन त्याचे मोल वसूल होत नाही, म्हणून ते टाकून दिले जाते. म्हणजे झाकण हरवते ते कारखान्यात नव्हे, आपल्या मोरीत आणि आपल्या कचऱ्याच्या डब्यात. चमचाभर पाण्याने खळबळून, कोरडे करून सुक्या कचऱ्यात टाकले तर तेच झाकण माल ठरू शकते.

आता शाळेतला हिशेब करू. समजा, वर्गात पन्नास मुले आहेत आणि प्रत्येकाने आठवड्याला सहा ग्रॅमचे एक झाकण आणले. आठवड्याला तीनशे ग्रॅम झाले, चाळीस आठवड्यांत बारा किलो. ही बारा किलो झाकणे एकाच गोणीत कोंबली तर भंगारवाला नाक मुरडील. पीपी, एचडी आणि एलडी अशा तीन गोण्या केल्या तर तो वजनकाटा काढील. पदार्थ तोच आणि वजनही तेवढेच. फरक पडला तो निवडीने.

‘हे प्लॅस्टिक पुन्हा वापरता येते का?’ या प्रश्नाचे उत्तर म्हणूनच केवळ रसायनशास्त्रात सापडत नाही. डबा आणि झाकण दोन्ही वितळतात, दोन्हींचा दाणा होतो. पण कोणी तरी ते ओळखले पाहिजे, वेगळे केले पाहिजे, पुरेसे साठवले पाहिजे आणि घेणाऱ्यापर्यंत पोहोचवले पाहिजे. या साखळीतील एक कडी निसटली की झाकण हरवते.

विचार करा

१. पेटची बाटली आणि पीव्हीसीचे झाकण एकत्र दळले, तर पाण्याच्या टाकीत त्यांची निवड होईल का? का?

२. पीपी आणि एलडी यांचे तुकडे वेगळे करण्यासाठी कोणत्या घनतेचा द्रव लागेल? असा द्रव कारखान्यात वापरताना कोणत्या अडचणी येतील?

३. घरातील दहा डबे आणि त्यांची झाकणे घ्या. किती जोड्यांत डबा व झाकण एकाच प्लॅस्टिकचे निघाले, याचा तक्ता करा आणि वर्गात लावा.

४. तुमच्या भागातील भंगारवाल्याला विचारा: कोणती झाकणे तो घेतो, कोणती घेत नाही आणि का? त्याची उत्तरे तुमच्या तक्त्याशी ताडून पाहा.